उत्तरदाता क्रमांक पाच

भूकंप अवघा अकरा सेकंदांचा होता. त्यानंतर उर्वीने जे आरंभलं ते अडीच महिने चाललं. रत्नागिरीच्या नाचणे रस्त्यावरच्या 'स्वस्तिश्री' इमारतीचं जे काही नुकसान झालं ते या दुसऱ्या प्रकाराने झालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच निसर्गाला नावं ठेवायला नकोत.

नोव्हेंबरातला रविवार होता. सकाळचे अकराला पाच कमी. आधी फडताळातले पेले एकमेकांशी कुजबुजल्यासारखे वाजले, मग पंखा कोणी न लावता झुलायला लागला, आणि मग आठही बिऱ्हाडं खाली आवारात. कोण काय घेऊन आलं होतं ते बघण्यासारखं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी देवदत्तकाका अर्ध्या गालाला फेस आणि काखेत सभेचं इतिवृत्त घेऊन आले होते. उर्वीचे बाबा, म्हणजे श्यामराव, यांच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. आई, म्हणजे सुमेधाताई, झारा घेऊन उभ्या होत्या आणि झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गोदाकाकू गच्चीवरचे कपडे काढून जिना उतरत होत्या, त्यामुळे त्यांच्या हातात देवदत्तकाकांचीच विजार आली होती.

सगळ्यात आधी पोचली होती उर्वी. वय चौदा, इयत्ता नववी, हात मोकळे. जिन्यात कुणाला तरी धक्का लागला होता खरा. पण अशा वेळी कुणाचा धक्का कुणाला लागला याची नोंद कोण ठेवतं?

सगळ्यात शेवटी आले गोदाकाकूंचे यजमान, भिकाजीकाका. भूकंप थांबून चांगली चार मिनिटं झाली होती. काका चाळीस वर्षं बोटीवर होते, खलाशी म्हणून चढले आणि सारंग, म्हणजे सगळ्या खलाशांचे मुकादम, म्हणून उतरले. पांढरा गंजिफ्रॉक, केसांत थोडी धूळ, एकेक पायरी सावकाश.

"बघा!" देवदत्तकाका फेसाळल्या गालाने म्हणाले. "सगळे उतरले का ते बघून मग आले. बोटीवरचा माणूस!"

भिकाजीकाका काहीतरी बोलायला गेले, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. पुढच्या रविवारी सोसायटीने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. देवदत्तकाकांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं, म्हणजे प्रत्यक्ष भूकंपाच्या कितीतरी पट, आणि हादरेही त्याचेच जास्त बसले.

आता उर्वी आणि भिकाजीकाका यांच्याबद्दल एक गोष्ट ठाऊक असायला हवी. रोज सकाळी पावणेसातला उर्वी शाळेला निघाली की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक यायची, "काय गो बाय, हवा कशी?" उर्वीने खाली थांबायचं, गाल इकडेतिकडे फिरवायचा आणि वर्दी द्यायची, "मतलय, काका!" जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्याला मतलय म्हणतात, हे तिला सहाव्या वर्षी काकांनीच शिकवलं होतं. "शाब्बास! सोडा बोट!" काका वरून हुकूम द्यायचे, आणि मग उर्वीची सायकल फाटकातून सुटायची. आठ वर्षं. परीक्षा, ताप, कुठलीही सबब चालली नव्हती. त्या हुकुमाशिवाय निघालेला दिवस तिला आठवतच नव्हता.

तर या उर्वीने दिवाळीच्या आधी वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढला होता आणि तेव्हापासून ती घरात दूध मागतानासुद्धा 'सर्वप्रथम' म्हणायला लागली होती. शाळेत विज्ञानाच्या श्रद्धा मॅडमनी विचारलं, "जिल्हा प्रदर्शनासाठी काही नवीन सुचतंय का कुणाला?" उर्वीचा हात प्रश्न संपायच्या आत वर.

"मॅडम, भूकंप सगळे मोजतात. माणसं कोण मोजतं? हादरा बसल्यावर कोण नेमकं काय करतं, याचं मी सर्वेक्षण करणार."

बावीस प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. त्यात सातवा प्रश्न कळीचा : 'कंपन सुरू झाल्यावर आपण सर्वप्रथम काय केले?' वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आपले नाव पूर्णपणे गोपनीय राहील. प्रत्येकास क्रमांक देण्यात येईल.' ही ओळ उर्वीला स्वतःला फार आवडली होती. लिहिल्यावर तिने ती दोनदा मोठ्याने वाचली.

देवदत्तकाकांनी आधी तेविसावा प्रश्न सुचवला, 'आपत्तीत सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांचे कार्य कसे वाटले?' तो नाकारल्यावर थोडे रुसले आणि मग सांगितलं, "मी शांतपणे गॅस बंद केला, मेन स्विच पाडला, महत्त्वाची कागदपत्रं घेतली आणि वृद्धांना वाट करून देत खाली आलो. लिही."

"काका, अकरा सेकंदांत?"

"सवय असते गं."

बाबा म्हणाले, "मला वाटलं ट्रक गेला. मी बसूनच होतो."

"मग रिमोट घेऊन खाली कोण आलं?"

"ट्रक बघायला आलो."

आईने झाऱ्यातली पुरी उलटवून मग खाली आल्याचं सांगितलं, आणि ते मात्र खरं असावं, कारण त्या दिवशीच्या पुऱ्या जळल्या नव्हत्या. गोदाकाकूंनी एवढंच सांगितलं, "मी आपली जिन्यात होते." नुकसानीच्या रकान्यात त्यांनी 'बांगड्या, दोन' असं लिहवून घेतलं. कशा फुटल्या ते उर्वीने विचारलं. "फुटल्या," काकू म्हणाल्या आणि तिच्या हातावर नारळाची वडी ठेवली.

मग पाळी भिकाजीकाकांची. काकू देवळात गेल्या होत्या. काका खाटेवर बसले होते, समोर खुंटीला ती शाल.

"खरं लिहायचं की भाषणातलं?"

"काका, हे शास्त्र आहे," उर्वी म्हणाली.

काकांनी खाटेवर हलकेच थाप मारली. "मग लिही. मी हिच्याखाली होतो."

उर्वीचं पेन थांबलं. खाटेखाली नारळांचा ढीग असायचा, गावच्या घरून आलेला. तिथे मांजरालासुद्धा अंग चोरून शिरावं लागे.

"हसू नको हां. पाणी हलतं, ते त्याचं कामच. पाय त्याच्यावर इश्वास ठेवतच नाहीत. वादळात डोलकाठीवर चढलोय मी. पण जमीन हलली गो, तेव्हा धरायचं कशाला तेच सुचेना. शिरलो खाली. नारळ हिकडून तिकडे गडगडत होते आणि मी त्यांच्यात. थांबलं तरी गुडघे उठू देईनात. म्हणून उशीर झाला."

"आणि सत्काराच्या वेळी?"

"सांगणार होतो. पण शाल अंगावर पडली ना, की माणसाचं तोंड बंद होतं. तो नारळपण हितंच खाली टाकला. आता ह्या सगळ्यांत सत्काराचा कुठला आणि झाडाचा कुठला, मला कळत नाही." काकांनी बाहेर आलेला एक नारळ पायाने आत ढकलला. "कुणाला तरी एकदा सांगायचं होतं. तुला सांगितलं. नाव नको घालू."

"नाव कुणाचंच नाही काका. क्रमांक. पूर्ण गोपनीय!"

तिने वचन दिलं आणि ते अक्षरशः पाळलं. सगळी गडबड त्या अक्षरशःमध्ये होती.

कारण श्रद्धा मॅडमचं म्हणणं पडलं की वय, व्यवसाय आणि मजला यांच्याशिवाय सर्वेक्षण म्हणजे नुसत्या गप्पा. मग उर्वीने रकाने वाढवले. तक्ता देखणा झाला, सहा फुटांचा, चार रंगांचा. पाचव्या ओळीत लिहिलं होतं : 'उत्तरदाता क्र. ५. पुरुष, वय ७१, निवृत्त सारंग, दुसरा मजला. कृती : खाटेखाली नारळांमध्ये लपले. गुडघे आखडल्याने चार मिनिटे बाहेर येता आले नाही.' नाव कुठेही नव्हतं! आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत एकाहत्तर वर्षांचा सारंग दुसरा कुठून आणायचा, हा विचार तिच्या डोक्याला शिवलाच नाही. डोकं तेव्हा रंगसंगतीत होतं.

पहिल्या ओळीत, हिरव्या स्केचपेनने, सर्वांत सुवाच्य अक्षरात : 'उत्तरदाता क्र. १. विद्यार्थिनी, वय १४, तिसरा मजला. कृती : दाराच्या चौकटीत उभे राहून कंपनाचा कालावधी मोजला. नंतर शिस्तीत जिना उतरले.' हे लिहिताना तिला जिन्यातला तो धक्का आठवला. पण सर्वेक्षणात अंदाजाला जागा नसते, असं तिने स्वतःला बजावलं आणि ओळीखाली वेलबुट्टी काढली.

प्रदर्शन देवरूखला होतं. तक्त्याला दुसरा क्रमांक मिळाला. श्रद्धा मॅडमनी फोटो काढला, तो शाळेच्या ग्रुपवर टाकला, तिथून बाबांनी कौतुकाने 'स्वस्तिश्री परिवार'वर टाकला. अभिनंदनाचे अंगठे आले, गुलाब आले, पेढे कधी असं विचारून झालं. मग देवदत्तकाकांनी फोटो मोठा करून बघितला. रात्रभर बघितला असावा, कारण सकाळी सहाला त्यांचा निरोप होता : 'क्र. ५ कोण बरे असावेत?' आणि पुढे डोकं खाजवणारा पिवळा चेहरा.

त्या सकाळी पावणेसातला उर्वी खाली थांबली. गॅलरी रिकामी होती. तिने उगाच सायकलची घंटी वाजवली. मग उशीर झाला म्हणून गेली.

संध्याकाळी देवदत्तकाकांच्या दाराच्या कडीला ती शाल लटकत होती, घडी अशी की इस्त्रीवाल्याने बघत राहावं. खाली चिठ्ठी : 'नारळ ओळखू येत नाही. कुठलाही एक न्यावा.'

ग्रुपवर विनोद सुरू झाले. कुणी विचारलं, नारळ सोलायचा कोयता खाटेवर ठेवायचा की खाली. ज्यांनी स्वतः काय काय रचून सांगितलं होतं तेच जास्त विनोदी झाले होते. आईने उर्वीला समोर बसवलं.

"नाव घातलं नव्हतंस, मान्य. पण डोकं घातलं होतंस का त्यात?"

"आई, मी सॉरी म्हणायला तीनदा गेले. काकू म्हणतात, झोपलेत."

"सकाळी दहाला?"

"दहालाही."

गोष्ट इथे थांबती तरी पुष्कळ होती. पण बक्षीस मिळालेल्या प्रकल्पाची बातमी छापून आली, आणि तालुक्याच्या आपत्ती कक्षातून पत्र आलं की अशा जागरूक इमारतीत भूकंपाची रंगीत तालीम घेण्याचं ठरलं आहे. देवदत्तकाकांना आकाश ठेंगणं झालं. उर्वीला 'विद्यार्थी समन्वयक' नेमण्यात आलं. महिन्याभरापूर्वी या दोन शब्दांसाठी तिने एक दात दिला असता. आता तिने नको म्हटलं.

"नको कसं?" देवदत्तकाका म्हणाले. "पत्रात तुझं नाव गेलंय. आता रद्द करायचं तर तीन प्रतींत अर्ज लागेल."

अर्ज तालमीलाही लागलाच. त्यात आपत्तीचा प्रकार निवडायचा होता : पूर, दरड, आग, इतर. भूकंप 'इतर'मध्ये गेला. पुढचा रकाना होता, 'आपत्तीची नियोजित तारीख व वेळ'. देवदत्तकाकांनी जानेवारीतला शेवटचा रविवार, सकाळी दहा, असं लिहिलं. तर अर्ज परत आला, साडेदहा करा, दहाला साहेबांची दुसरीकडे आग आहे.

साडेदहाला ठरलेली आपत्ती साडेअकराला आली. नितेश साहेब नावाचे तरुण अधिकारी, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, सोबत दोन होमगार्ड आणि एक स्ट्रेचर. भोंगा दुरुस्तीला गेला होता म्हणून शाळेची पितळी घंटा मागवली होती. ती वाजते का बघायला शिपायाने एक टोला दिला, तर अख्खी इमारत धावत खाली आली. साहेबांनी सगळ्यांना पुन्हा वर पाठवलं.

"खऱ्या वेळी वाजेल तेव्हा या. आणि लक्षात ठेवा, तीन मिनिटांत जो खाली नाही तो अडकलेला. अडकलेल्याला चालायला परवानगी नाही. तो स्ट्रेचरवरूनच येणार."

घंटा खरोखर वाजली तेव्हा लोक असे उतरले की नाटकवाल्यांनी शिकून जावं. देवदत्तकाका दाढी पूर्ण करून आले होते. बाबांनी रिमोट मुद्दाम वर ठेवला होता आणि तो बरोबर नसल्याने हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. साहेबांनी डोकी मोजली.

"एक कमी."

सगळ्यांनी दुसऱ्या मजल्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी उर्वीकडे बघितलं. गोदाकाकू मात्र पदराचं टोक बघत राहिल्या.

"समन्वयक," साहेब म्हणाले, "वर जाऊन बघा."

दार उघडंच होतं. भिकाजीकाका खाटेवर बसले होते, धुतलेला सदरा घालून, हात मांडीवर.

"काका, खाली बोलावतायत."

"खऱ्या वेळी जे केलं तेच तालमीत करायचं ना?" काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुझ्या तक्त्यात आहे तसं?"

आणि एकाहत्तर वर्षांचे भिकाजीकाका उठले, एक हात खाटेच्या पायाला धरून गुडघ्यांवर बसले, आणि खाटेखाली शिरले. नारळ बाजूला सरकल्याचा आवाज झाला. सदऱ्याचं टोक तेवढं बाहेर राहिलं.

उर्वीने वक्तृत्वात पहिला नंबर काढला होता. पण इथे 'सर्वप्रथम'ने काही होणार नव्हतं. मग तीही आडवी झाली आणि आत शिरली. एक नारळ बरगडीत, एक कोपराखाली. काथ्याचा वास. अंधारात काकांचे डोळे तेवढे दिसत होते.

"हितं कशाला आलीस? जागा नाही."

"काका, माझं चुकलं."

"हं."

"आणि मी खोटं लिहिलं. माझ्या ओळीत. मी चौकटीत उभी नव्हते. काही मोजलं नाही. मी नुसती पळत सुटले. आणि जिन्यात," तिचा आवाज बारीक झाला, "जिन्यात मी कुणाला तरी ढकललं. कोण ते मी वळून बघितलं नाही."

खाली शिपायाने घंटेचा आणखी एक टोला दिला.

"गोदेला," काका म्हणाले.

उर्वीला बांगड्या आठवल्या. दोन. तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या, रकाना क्रमांक नऊ.

"कठड्यावर आपटली ती. त्याच दिवशी सांगितलंन् मला. मी म्हटलं, लहान पोर आहे, घाबरली असेल. कुणाला बोलू नको. नाही बोलली."

भूकंपाचे अकरा सेकंद उर्वीला पुसटसेच आठवत होते. पण हे दुसरे अकरा सेकंद, काकांच्या त्या वाक्यानंतरचे, तिला नीट मोजता आले. आपलं नाव ह्या घरात खरोखर गोपनीय राहिलं होतं. क्रमांकसुद्धा न देता.

जिन्यात बूट वाजले. होमगार्ड स्ट्रेचर घेऊन दारात आले.

"अडकलेलं कोण आहे?"

काका हलले. उर्वी त्यांच्या आधी बाहेर आली, डोक्यात काथ्या, फ्रॉकला माती.

"मी. घंटा पुन्हा वाजली आणि मी घाबरून खाली शिरले. काका मला काढायला आले होते."

"अगो..." आतून आवाज आला, पण होमगार्डनी तिला तोवर आडवी करून पट्टे आवळले होते आणि गळ्यात लाल चिठ्ठी अडकवली होती : 'गंभीर'. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. मग त्यांनी ते उभं केलं, त्यामुळे विद्यार्थी समन्वयक पहिल्या मजल्यापर्यंत उभ्यानेच, दोन्ही हात बांधलेले, असा प्रवास करत आली. मागून भिकाजीकाका, एकेक पायरी सावकाश. आवारात टाळ्या झाल्या. काकांनी कोणाकडेच बघितलं नाही. गोदाकाकूंच्या जवळून जाताना स्ट्रेचर क्षणभर थांबलं.

"काकू," उर्वी पट्ट्यांतून म्हणाली, "तुमच्या बांगड्या मी..."

"गंभीर जखमी बोलत नाहीत," नितेश साहेब म्हणाले.

काकूंनी तिच्या केसांतला काथ्या तेवढा काढला.

अहवाल जिन्याखालच्या फलकावर लागला : 'अडकलेल्या व्यक्ती : एकूण १. कु. उर्वी, वय १४. कारण : घाबरून खाटेखाली.' शाळेतही पोचला. ज्या मुलीने भूकंपात काय करावं याचा तक्ता केला तिलाच घंटेने खाटेखाली घातलं, हे लोकांना इतकं आवडलं की नारळांचे विनोद बंद पडले आणि उर्वीचे सुरू झाले. तिला वाईट वाटलं का? वाटलं. ती त्या फलकासमोरून मान खाली घालून जायची, आणि नववीतल्या मुलीची मान खाली घालणं म्हणजे काय असतं ते नववीत असलेल्यालाच कळेल. पण तिने कुणाला काही सांगितलं नाही. ते तिला आता जमायला लागलं होतं. थोडं उशिरा.

चौथ्या दिवशी सकाळी फलकासमोर ती थांबली. 'एकूण १' मधल्या एकावर निळ्या बॉलपेनने काट मारून '२' केलं होतं. खाली, बोटीवरच्या नोंदवहीत शोभेल अशा उभ्या अक्षरात : 'भिकाजी. वय ७१. कारण : तेच.'

उर्वी बाहेर आली. पावणेसात. वर बघायचं धाडस करायला सायकलची साखळी दोनदा तपासावी लागली. गॅलरीत काका उभे होते, हातात कप. त्यांनी हाक मारली नाही. ती थांबली, अजून थांबली. मग तिनेच गाल इकडेतिकडे फिरवला आणि ओरडून सांगितलं,

"काका, मतलय!"

काकांनी कप कठड्यावर ठेवला. बोट जिभेला लावून ओलं केलं, वर धरलं, आणि बराच वेळ वारा बघितला. मग होकाराची मान डोलावली.

वर्दी बरोबर होती. पण आठ वर्षांत काकांनी ती कधी तपासून बघितली नव्हती.